खुंटीवरचा नान

होशिमअकांना शाळेतले वैमानिक पाठीमागं 'सोयरीकवाली मावशी' म्हणायचे. तोंडावर मात्र 'अका', म्हणजे थोरला भाऊ; 'मावशी' म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण होशिमअकांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. एका पायानं लंगडणारा, मिशीला पीळ देत बसणारा हा मेजर लढाईची सगळी वर्षं दुसरं करत तरी काय होता? पोरगा बघायचा, विमान बघायचं, आणि दोघांची गाठ मारून द्यायची.

"हा तापट आहे," ते म्हणायचे, "ह्याला लढाऊ विमान द्या. तेही तापटच. भांडतील, पण नांदतील. हा जेवायला बसला की सगळ्यांत शेवटी उठतो, ह्याला बॉम्बर. आणि हा बघा, आईनं कान पिळला तरी हसतो. ह्याला जमिनीलगत उडणारं ते चिलखती धूड द्या. ते मार खातं आणि तरी घरी येतं."

हसण्यावारी नेण्यासारखं काम नव्हतं ते. फरगाना खोऱ्यातल्या त्या विमानशाळेतून थोड्या थोड्या महिन्यांनी पोरांची नवी तुकडी बाहेर पडायची. कोण कुठल्या पलटणीत, कुठल्या विमानावर, कुणाला बढती, कुणाला अजून थोडं थांबवायचं, हे सगळं होशिमअकांच्या कचेरीत ठरायचं. कचेरी म्हणजे रेशमाच्या कोशांचं जुनं गोदाम. उन्हाळ्यात भिंतींतून किड्यांचा वास यायचा. बाहेरून आलेला एखादा साहेब नाकाला रुमाल लावायचा, तेव्हा होशिमअकांना मनातून गुदगुल्या व्हायच्या. बाजारात गेले की काही बाया त्यांना दुवा द्यायच्या आणि काही तोंड फिरवायच्या. दोन्हींचं कारण एकच होतं, आणि दोन्ही ते मुकाट्यानं घ्यायचे. घरी विचारणारं कुणी नव्हतं. बायको लढाईआधीच गेली होती, पोरबाळ नव्हतं. सरकारी पोरं हीच काय ती पोरं.

मग लढाई संपली. गाव नाचलं, होशिमअका लंगड्या पायानं नाचले. आणि नाचून दम खाताहेत न खाताहेत तोवर मावशीच्या गळ्यात काडीमोडाचं काम आलं.

वरून हुकूम आला होता, शाळा निम्मी करा. शांततेच्या दिवसांत एवढे वैमानिक कोण पोसणार? झालं! ज्यांना मिसरूड फुटायच्या आधी उडायला शिकवलं, ज्यांना उडण्यापलीकडं काही म्हणजे काही येत नव्हतं, त्या पोरांना आता 'बाळा, खाली उतर' असं सांगायचं. होशिमअका एकेकाला समोर बसवून चहा पाजायचे, त्याला मनसोक्त शिव्या घालू द्यायचे, आणि मग कामाला लागायचे. कुणाला रेल्वेत चिकटवलं, कुणाला ट्रॅक्टरच्या कारखान्यात, एकाला तर चक्क सर्कशीत. तो नाहीतरी उलटाच उडायचा. ताश्कंदला फोन करून करून त्यांचा घसा बसला. पण पोरं एकेक करून मार्गी लागली.

घोडं अडलं ते एर्गाशपाशी.

एर्गाश शाळेतला सगळ्यांत चांगला उस्ताद. विमानात पुढं शिकणारा पोरगा, मागं एर्गाश. पोरगं कितीही चुको, ह्याचा आवाज चढायचा नाही. पोराचे हात थरथरायला लागले की हा मागून एखादं लग्नातलं गाणं गुणगुणायला लागायचा, आणि तेही इतकं बेसूर की पोरगं भीती विसरून हसायचं. त्यानं घडवलेली पोरं छातीवर पदकं लावून परत आली, की आधी ह्याला सलाम करायला यायची, मग स्वतःच्या घरी.

पण त्याच्या स्वतःच्या छातीवर काही नव्हतं, कारण तो लढाईवर गेलाच नव्हता. आणि का गेला नव्हता ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

शाळेच्या कुंपणापलीकडं पाट, पाटापलीकडं तुतीची रांग, आणि तिथंच एर्गाशच्या आईचं, गावानं 'ओपा', म्हणजे थोरली बहीण, मानलेल्या मस्तुराओपांचं घर. थोरला यिगितअली लढाईच्या पहिल्याच वर्षी ह्याच शाळेतून गेला. आईनं कान पिळला तरी हसणारा तो हाच. निघताना त्यानं आईच्या हातच्या ताज्या नानाचा एक घास चावला, आणि उरलेला नान आईनं दोऱ्यात ओवून खुंटीला टांगला. घर सोडणारा प्रत्येकजण असंच करतो. उरलेला नान त्याचा, त्यानंच परत येऊन संपवायचा. यिगितअली परत आला नाही. नान खुंटीवरच राहिला.

पुढच्या शरदात एर्गाश तयार झाला. तो शाळेत पहिला आला, आणि नेमणूक झाली ती भावाच्याच जातीच्या विमानावर. निघायच्या दिवशी सकाळी त्यानंही नान चावला, आईनं तो शेजारच्या खुंटीला टांगला. आणि त्याच दुपारी मस्तुराओपा गोदामात येऊन होशिमअकांसमोर उभ्या राहिल्या.

रडल्या नाहीत. हात जोडले नाहीत. म्हणाल्या, "होशिम, माझ्या भिंतीवर दोन नान आहेत. एकाला आता धनी नाही. दुसऱ्याचं तू बघ."

एवढंच बोलून त्या गेल्या. होशिमअका बराच वेळ मिशी चावत बसले. यिगितअलीला ते चिलखती धूड त्यांनीच दिलं होतं. शाळेला उस्ताद हवेच होते, अगदी नड होती. त्यांनी एर्गाशची नेमणूक फिरवली आणि त्याला शाळेतच शिकवायला ठेवून घेतलं.

ते कळताच एर्गाश दार न वाजवता आत आला होता. "अका, मी नान चावलाय!"

"मग?"

"मग काय मग! नान चावून गेला नाही असा एक माणूस दाखवा मला. एक! ह्या अख्ख्या खोऱ्यात!"

होशिमअकांकडं असा माणूस नव्हता. असा माणूस कुणी पाहिलाच नव्हता. चावून गेलेले असतात, जाऊन आलेले असतात, न आलेले असतात. चावून घरातच राहिलेला हा पहिलाच. तेव्हापासून एर्गाश रोज जेवायला बसला की समोर भिंतीवर त्याचा अर्धा नान. खाता येत नाही, कारण गेलाच नाही. टाकता येत नाही, कारण अन्न आहे. बरोबरीचे चिडवायचे, "काय उस्ताद, नान शिजला की नाही अजून?" तो दर थोड्या दिवसांनी होशिमअकांकडं येऊन म्हणायचा, मला पाठवा. होशिमअका म्हणायचे, पुढच्या तुकडीबरोबर बघू. अशा किती तुकड्या गेल्या, आणि लढाईच संपली.

हिवाळ्यात ताश्कंदहून कर्नल द्रोनोव आले. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता, सर्दीनं बेजार होता, आणि त्याला गावोगाव फिरून वैमानिक कमी करायचं काम लावलं होतं. होशिमअकांनी त्यांना मटणाचं गरम सूप पाजलं, शेगडीजवळची खुर्ची दिली, आणि एर्गाशचं नाव मुद्दाम जेवण झाल्यावर काढलं.

"लढाईतली उड्डाणं?" कर्नलनी विचारलं.

"नाहीत, साहेब."

"मग पुढचा."

"साहेब, जरा थांबा. ह्यानं शिकवलेली पोरं बर्लिनपर्यंत जाऊन आली. त्यांच्या उड्डाणांत ह्याचं काहीच नाही?"

"मेजर, आता जेट विमानं येताहेत. जागा थोड्या, माणसं फार. नियम सोपा आहे. ज्यानं आग पाहिली तो राहील. ज्यानं नाही पाहिली, तो जाईल."

"त्यानं नाही पाहिली कारण मी पाहू दिली नाही! तो रोज भांडत होता माझ्याशी. चूक असेल तर माझी आहे, मला काढा."

कर्नलनी नाक शिंकरलं. "तुमचाही नंबर आहे, मेजर. येत्या शरदात ही कचेरीच बंद होणार आहे. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

कुणी सांगितलं नव्हतं. होशिमअकांनी मिशीला पीळ दिला. "ते राहू द्या. माझं नंतर बघू. ह्या पोराचं बोला."

"काय बोलू?" कर्नलचा आवाज एकदम खाली आला. "माझा मुलगा वैमानिक होता. तोही हुशार होता. त्याला कुणी मागं ठेवून घेतलं नाही. तुमचा हा एर्गाश जिवंत आहे, मेजर. त्याला दोन हात आहेत, दोन पाय आहेत, आई आहे. आणखी काय मागता माझ्याकडं?"

होशिमअकांनी कर्नलचा पियाला पुन्हा भरला, आणि एर्गाशचं नाव कमी झालं.

तो निरोप घ्यायला आला तेव्हा त्यानं नीट कडक सलाम ठोकला. दारात वळून एवढंच म्हणाला, "अका, तुम्ही दोन वेळा माझं विमान काढून घेतलंत."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांची होशिमअकांना सवय होती.

एर्गाश सरकी काढायच्या गिरणीत वजनकाट्यावर लागला. पोती चढवायची, पोती उतरवायची. होशिमअका कामाच्या निमित्तानं तिकडून जायचे आणि लांबूनच बघायचे. पोरगा केसांत, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन उभा असायचा, आणि शाळेच्या बाजूनं इंजिनाचा आवाज आला की पोतं तसंच हातात धरून वर बघत राहायचा. मुकादम ओरडायचा. अरे, सर्कशीतसुद्धा सोयरीक जुळवली मी, आणि ह्याच एका पोराची जुळू नये?

वसंत लागता लागता नुकुसहून बेकमुरातचा फोन आला. बेकमुरात एके काळी ह्याच शाळेत शिकलेला. आता तिकडं अमू नदीच्या खालच्या अंगाला नागरी विमानांच्या तुकडीचा प्रमुख झाला होता. तुकडी म्हणजे काय, दोन मजली पंखांची, कापडी अंगाची चार छोटी विमानं. टोळधाडीवर औषध मारायचं, दलदलीत हिवतापाच्या डासांवर फवारा मारायचा, वाळवंटातल्या विहिरींपाशी राहणाऱ्या मेंढपाळांकडं डॉक्टर न्यायचा.

"अका, माणूस द्या!" बेकमुरात तिकडून किंचाळत होता. "लढाईवरचे तीन शूरवीर दिलेत मला. एकानं टोळांवर असा सूर मारला की विमान थेट बोरूच्या बेटात! दुसऱ्याला सरळ उडताच येत नाही, मागं कुणी लागल्यासारखा सारखा वळत राहतो. तिसरा बरा आहे, पण मेंढपाळ त्याला भितात. मला शूर नकोत हो! मला सावकाश उडणारा, न चिडणारा, दुसऱ्याचा हात चुकायच्या आधी ओळखणारा माणूस हवाय. वर इथली चार पोरंही शिकवायची आहेत."

होशिमअकांचा हात आपोआप मिशीकडं गेला. "आहे!" ते ओरडले. "मुलगा आहे! घरंदाज आहे! एकच खोड आहे!"

"कुठली?"

"माझ्यावर रुसलाय!"

फोन ठेवून ते तसेच लंगडत गिरणीवर गेले. कापसाच्या धुरळ्यात उभं राहून सगळं सांगितलं. एर्गाशनं हातातलं पोतं खाली ठेवायचीही तसदी घेतली नाही.

"डास मारायला?"

"डासांनी माणसं मरतात, बाळा. पोरं फणफणतात तिकडं तापानं."

"मग मच्छरदाण्या वाटा. मी चिलखती विमानांवर पोरं शिकवली, अका. आता त्या कापडाच्या खेळण्यात बसून डबक्यांवर पाणी शिंपडू? माझे शिष्य बघतील तर काय म्हणतील? ह्याला लढाई झेपली नाही, आता हा डासांशी लढतोय."

"कुणी असं म्हणणार नाही."

"तुम्ही नाही म्हणणार. तुम्ही काय, मला कुठं ठेवायचं एवढंच बघता."

आता मात्र होशिमअकांचं टाळकं फिरलं. "मग मर इथंच कापूस जोखत!" ते गरजले, आणि गिरणीच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत त्यांना स्वतःचीच लाज वाटली. असल्या पोराला असं कुणी बोलतं? फाटकाशी उभं राहून त्यांनी डोळे पुसले आणि कापूस गेला डोळ्यांत, असं पहारेकऱ्याला सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ते मस्तुराओपांच्या घरी गेले. जर्दाळू फुलून गळून गेला होता, ओट्यावर पाकळ्या पडल्या होत्या. माय-लेक जेवायला बसले होते. एर्गाशनं उठून जागा दिली, उशी दिली, आणि पुन्हा ताटावर बसला. मस्तुराओपांनी चहा ओतला. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आतल्या भिंतीवर दोन नान दिसत होते.

होशिमअकांनी आडवळण घेतलं नाही. नुकुस, डास, मेंढपाळ, सगळं सांगून टाकलं. "ओपा, लांब आहे. गाडीनं चार्जोऊ, तिथून नदीतून बोटीनं. तुमच्या परवानगीशिवाय मी आता ह्याला पाटापलीकडंसुद्धा पाठवणार नाही. पण हा स्वतःच नको म्हणतोय."

"मी सांगितलंय माझं उत्तर," एर्गाश ताटाकडं बघत म्हणाला.

मस्तुराओपा काही बोलणार, इतक्यात शाळेच्या मैदानावरून एक विमान उठलं आणि तुतीच्या झाडांवरून गेलं. एर्गाशचा घास ताटाच्या वर तसाच राहिला. विमान दिसेनासं झालं तरी हात तसाच. मस्तुराओपा ते बघत होत्या. मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, आत गेल्या, आणि दुसऱ्या खुंटीवरचा नान काढून घेऊन आल्या. दगडासारखा झाला होता तो, राखाडी पडला होता. एका बाजूला दातांची कमान मात्र स्पष्ट दिसत होती. त्यांनी तो लेकासमोर ठेवला.

"खा."

"आई, काय करतेस?"

"खा म्हणते ना. तुला आता कुठं जायचं नाही. मग हा भिंतीवर कशाला? चहात बुडव आणि खाऊन टाक. होशिम आहे साक्षीला."

होशिमअका पुढं सरकले. "ओपा, असं कुणी..."

"तू गप्प रे. चहा पी तुझा."

एर्गाशनं नान उचलला. कड चहात बुडवली. तोंडापर्यंत नेली. ती दातांची कमान त्याच्याकडंच तोंड करून होती. विशीच्याही आतल्या पोराचे दात ते. त्याला आता मिशी होती, भुवयांत कापूस होता, आणि तो पोरगा मात्र तसाच निघायच्या तयारीत होता. त्यानं नान खाली ठेवला.

"नाही होत मला."

"का? डासांवर जाणं कमीपणाचं, आणि न जाता हा नान खाणं मानाचं?"

"तूच नाही जाऊ दिलंस!" एर्गाश ओरडला. इतक्या वर्षांत कुणाच्याही कानावर न पडलेला तो आवाज आता अंगणभर झाला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"हो, मीच!" मस्तुराओपाही ओरडल्या. "सकाळी तुला चावायला दिला आणि दुपारी ह्याच्या दारात गेले. दोन्हींतलं काय ऐकायचं ते वरच्या मालकावर सोडलं. उद्या लढाई लागली तर पुन्हा जाईन. तुझी माफीबिफी नको मला, समजलास? एक पोरगा दिला मी त्यांना, दुसरा द्यायचा नव्हता. पण आता कुणी मारायला जा म्हणत नाही. मरायला जा म्हणत नाही. तिकडं कुणाचं तरी पोर तापानं फणफणलंय, तिथं डॉक्टर घेऊन जा म्हणताहेत. ह्याला मी आडवी आले असते तर गोष्ट वेगळी. मी नाही आले. तू आलायस आडवा, स्वतःच स्वतःला!" त्यांचा दम संपला. मग हळू म्हणाल्या, "मी तुला जिवंत बघायला ठेवून घेतलं रे, राजा. असा भिंतीकडं बघत जेवणारा बघायला नाही."

होशिमअका आता उघडउघड रडत होते. इथं कापसाचं निमित्तही नव्हतं.

चहा गार झाला, कुत्रा गप्प झाला. मग होशिमअकांकडं न बघताच एर्गाशनं विचारलं, "त्या विमानाला मागं जागा असते?"

"असते. तिथं डॉक्टर बसतो. नाहीतर पुढं पोरगं शिकत असलं की तू."

"आणि इंजिन?"

"तुझ्या आजोबांसारखं. खोकतं फार, पण थांबत नाही."

एर्गाशला हसू आलं. ते त्यानं दाबलं, पण ते आलं. तो उठला, नानाचा दोरा नीट केला आणि खुंटीकडं निघाला. "मी येऊन खाईन."

"अरे थांब, कड ओली केलीयस ना! बुरशी येईल," मस्तुराओपा म्हणाल्या. "दे इकडं, उन्हात ठेवते आधी."

तो गेला तेव्हा नवा नान भाजला नाही. मस्तुराओपांचं म्हणणं, तुझं चावून झालंय, तू निघायलाच काय तो उशीर केलास. गाडी हलली तेव्हा त्या स्टेशनवर ताठ उभ्या होत्या.

उन्हाळा सरला. बेकमुरातचे फोन यायचे, "अका, सोनं दिलंत, सोनं! मेंढपाळांच्या बाया त्याच्यासाठी दही राखून ठेवतात!" होशिमअका ते मस्तुराओपांना सांगायला जायचे आणि चहा पिऊन यायचे. इकडं कचेरी आवरली जात होती. शेवटच्या दिवशी त्यांनी गोदामाला कुलूप लावलं, किल्ली दिली, आणि आता कुठं जायचं हे न कळून तिथंच पायरीवर बसले. त्यांच्यासाठी कुणी कुठं शब्द टाकला नव्हता. सगळ्यांसाठी शब्द टाकणारे तेच तर होते.

तेवढ्यात आकाशातून खोकल्याचा आवाज आला.

कापडी अंगाचं एक छोटं विमान तुतीच्या शेंड्यांवरून सावकाश आलं, अगदी सावकाश, आणि मैदानावर असं टेकलं की धूळसुद्धा फारशी उडाली नाही. त्यातून एर्गाश उतरला. उन्हानं काळाठिक्कर पडला होता आणि अंगाला औषधाचा उग्र वास मारत होता. विमान ताश्कंदला दुरुस्तीला न्यायचं होतं, वाट वाकडी करून तो आला होता.

"अका, इथं पायरीवर काय करताय? चला घरी."

अंगणात अर्धी गल्ली जमली होती. एर्गाशनं हात धुतले, आत जाऊन आपला नान काढला, ओट्यावर येऊन बसला आणि चहात बुडवून खायला लागला. सगळे श्वास रोखून बघत होते.

"कसा लागतो रे?" कुणीतरी विचारलं.

"भिंतीसारखा. आई, आणखी चहा दे."

सगळं अंगण हसलं. त्यानं शेवटचा कणही बोटानं टिपून खाल्ला. मस्तुराओपा आत गेल्या, यिगितअलीच्या नानाला हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि तो होता तिथंच राहू दिला. मग डोळे पुसत तंदूरकडं गेल्या.

एर्गाश होशिमअकांकडं वळला. "बेकमुरातची तुकडी वाढतेय. पोरं येताहेत, विमानं येताहेत, आणि कुणाला कुठं बसवायचं ते त्याला कळत नाही. मी म्हटलं, माझ्याकडं एक स्थळ आहे. वयानं थोराड आहे, पण घरंदाज आहे. एकच खोड आहे."

"कुठली?" होशिमअकांनी विचारलं.

"सगळ्यांची जमवतो आणि स्वतः मांडवाबाहेर उभा राहतो."

मस्तुराओपा तंदूरवरून परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात वाफाळते दोन नान होते. एक त्यांनी लेकापुढं धरला. त्यानं पटकन मोठा घास चावला. दुसरा त्यांनी होशिमअकांपुढं धरला.

"ओपा, मी?" होशिमअका पुटपुटले. ह्या अंगणातून, ह्या गावातून त्यांनी किती पोरं पाठवली होती, पण त्यांच्या तोंडापुढं असा नान कधी कुणी धरला नव्हता. "मी चावून ठेवू कुठं? माझ्याकडं खुंटी कुठाय?"

"आत बघ."

होशिमअकांनी उघड्या दारातून आत बघितलं. भिंतीवर यिगितअलीचा नान होता, शेजारी एर्गाशची रिकामी खुंटी होती, आणि तिच्या शेजारी कोऱ्या लाकडाची तिसरी.

"ह्याचं पत्र आलं होतं. सकाळीच ठोकली," मस्तुराओपा म्हणाल्या. "चाव लवकर, गार होतोय."